अंगचोर सापडेपर्यंत

आमचे अप्पा रोज दुपारी जेवण झालं की पेपरातलं शब्दकोडं घेऊन बसायचे. कानावर पेन्सिल, मांडीवर पाट, पाटावर पेपर. अडलं की हाक यायची, ‘चार अक्षरी, कामचुकार, पहिलं अक्षर अं!’ आम्ही पोरं ओरडायचो, ‘अंगचोर!’ मग अप्पा रागावायचे, ‘मोठ्यानं कशाला सांगता बे, मी लिहीतच होतो.’

त्या शब्दानं पुढं चाळीस वर्षांनी माझा चांगला महिनाभर खाल्ला. तो किस्सा सांगायचाय, पण आधी थोडं मागून.

सोलापुरात अक्कलकोट रोडवर एका टॉवेल कारखान्यात मी हिशेब बघतो. चार वर्षांपूर्वी पुण्याच्या भाचीनं माझ्या मोबाइलवर न्यूयॉर्क टाइम्सचं रोजचं क्रॉसवर्ड टाकून दिलं. म्हणाली, ‘मामा, नुसता टीव्ही बघत बसण्यापेक्षा हे करा.’ तिथं बहुतेक दिवशी रात्री दहा वाजता दुसऱ्या दिवसाचं कोडं येतं, म्हणजे आपल्याकडं सकाळी साडेसात, थंडीत साडेआठ. चहाची वेळच म्हणा ना.

पहिल्या दिवशी मी गुरुवारचं कोडं उघडलं आणि अर्ध्या तासात सात शब्द लिहिले. त्यातले पाच चुकीचे. नंतर कळलं, तिथं वारांना अर्थ असतो. सोमवार सगळ्यात सोपा, मग चढत चढत शनिवार सगळ्यात अवघड. रविवारचं तेवढं अवघड नसतं पण मोठं असतं, एकवीस बाय एकवीस. एरवी पंधरा बाय पंधरा. सोमवार ते गुरुवार आणि रविवारी कोड्याला एक ‘थीम’ असते, म्हणजे तीनचार लांब उत्तरांना जोडणारं एक सूत्र. गुरुवारी तर एकाच घरात दोनतीन अक्षरं कोंबायची असले प्रकार चालतात. हे कुणी सांगितलं असतं तर मी सोमवारपासून सुरुवात केली असती. पुढचे सहा महिने फक्त सोमवार आणि मंगळवार केले, आणि लाज वाटून घेतली नाही.

आपल्याला अडचण इंग्रजीची कमी आणि अमेरिकेची जास्त येते. त्यांचं बेसबॉल, त्यांच्या टीव्हीवरची माणसं, ईरी नावाचं सरोवर. ओरिओ बिस्किट मी आयुष्यात जेवढं खाल्लं नाही त्याच्या दसपट वेळा लिहिलं असेल, कारण चार अक्षरांत तीन स्वर, जुळवणाऱ्याला सोन्यासारखं. पण त्याच कारणानं राणी, साडी, नान, राग हेही तिथं पुन्हापुन्हा येतात. पहिल्यांदा ‘राणी’ सापडली तेव्हा मी कारखान्यात पेढे वाटायचाच बाकी होतो.

सोडवता येऊ लागलं तसं मी ते लोकांना समजावून सांगायला लागलो. खरी फजिती तिथून सुरू झाली. घरचे, कारखान्यातले दोघं, मेहुणे आणि शेजारचे सर असा आमचा बारा जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. रोज रात्री मी त्यावर त्या दिवसाच्या कोड्यातल्या चारपाच गमती मराठीत लिहायचो. एकदा शोधसूत्र होतं ‘इटालियन फ्लॉवर’ आणि पुढं प्रश्नचिन्ह. मी लिहिलं, उत्तर आर्नो, इटलीतली नदी. मेहुण्यांनी विचारलं, ‘फ्लॉवरचा आणि नदीचा काय संबंध? मला तर ब्रोकोली वाटलं.’ त्यांचं बरोबरच होतं. आपल्याकडं फ्लॉवर म्हणजे भाजी. मग सांगावं लागलं की फ्लो म्हणजे वाहणं, वाहते ती फ्लो-अर, आणि ते प्रश्नचिन्ह म्हणजे ‘सरळ अर्थ घेऊ नकोस’ अशी खूण. मला हे ठाऊक होतं, तरी लिहिताना मी फक्त उत्तर दिलं होतं. उत्तर तर दुसऱ्या दिवशी छापूनही येतं. ते तिथं का आलं हे सांगितलं नाही तर मी रात्री जागून लिहायचंच कशाला?

त्याहून मोठी चूक एका बुधवारी झाली. चार लांब उत्तरं. पहिल्याची सुरुवात ग्रीन, दुसऱ्याची व्हाइट, तिसऱ्याची कॉफी. मी खूश. थीम रंगांची! कॉफी हा रंग आमच्या टॉवेलच्या शेडकार्डावरच आहे. चौथं उत्तर लाइटनं सुरू होत होतं. मी बिनधास्त लिहून टाकलं, ‘लाइट म्हणजे फिका रंग असावा.’

शेजारचे सर निवृत्त गणित शिक्षक. घरी तेलुगू, पूर्व भागातलं जुनं विणकरांचं घर. सकाळी नळावर भेटले तेव्हा म्हणाले, ‘अहो, तीन गणितं सुटतात आणि चौथ्याला “असावा” म्हणावं लागतं, तेव्हा गणित नाही चुकलेलं, सूत्र चुकलेलं असतं.’ पुन्हा कोडं उघडलं. उजव्या कोपऱ्यात खाली एक छोटं उत्तर होतं, हाउस. ग्रीनहाउस, व्हाइट हाउस, कॉफी हाउस, लाइटहाउस. रंगांचा काही संबंधच नव्हता. कोडं रचणारे थीमची किल्ली बऱ्याचदा त्याच कोपऱ्यात ठेवतात, आणि मी तो शब्द भरूनसुद्धा वाचला नव्हता.

त्या दिवसापासून नियम केला. थीम लिहायच्या आधी प्रत्येक लांब उत्तर तिच्यावर घासून बघायचं. एकालाही ‘असावा’ लागला तर ग्रुपवर लिहायचं, ‘थीम अजून सापडली नाही.’ असं वर्षातून दहाबारा वेळा तरी लिहितो. लोकांना ते आवडतं, का कुणास ठाऊक. आणखी एक बदल भाचीनं करायला लावला. आधी नुसता इशारा, मग दहा ओळी मोकळ्या, मग उत्तर. ‘मामा, काहींना उत्तर नको असतं, थोडा धक्का हवा असतो.’

गेल्या गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या गावच्या सिद्धरामेश्वर यात्रेच्या, आधी सरांनीच काडी टाकली. ‘रोज अमेरिकेचं कोडं समजावताय. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेला एक मराठी करा की, थीमवालं.’ मला वाटलं, दोन संध्याकाळचं काम. लागला महिना.

मराठीत एका घरात एक अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा-वेलांटीसकट. जोडाक्षरही एकाच घरात. इंग्रजीत सव्वीस अक्षरांतलं एक जुळवायचं असतं. आपल्याकडं शाळेच्या तक्त्यातली ३६ व्यंजनं आणि प्रत्येकाची बाराखडी धरली तर चारशेच्या वर जातं, जोडाक्षरं वेगळीच. म्हणून अमेरिकन कोड्यात प्रत्येक घर आडव्या आणि उभ्या दोन्ही शब्दांत असतं, आणि मराठीत निम्मी घरं एकाच शब्दाच्या जिवावर उभी असतात. सर म्हणाले, तेलुगूतही हेच.

थीम मात्र पटकन सुचली. अप्पांचा अंगचोर! लांब शब्दांनी शरीराचा एकेक अवयव चोरून पोटात लपवलेला, आणि कोपऱ्यात किल्ली, ‘अंगचोर’. दुकानदारमध्ये कान आहे. विमानतळात मान. मंगळागौरीत गळा. उपाययोजनेत पाय. पिनाकधारीत नाक! कारखान्यात हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर मी हे लिहीत सुटलो होतो.

सोलापूर म्हटल्यावर मला ‘हातमाग’ घालायचाच होता. हात आहे, माग आहे, आपलं गाव आहे. भाचीनं फोनवर पाच सेकंदात उडवला. ‘मामा, हा हात चोरलेला कुठाय? उघडाच बसलाय. हातमागातला हात म्हणजे हातच ना.’ पोटभाडेकरूही तसाच गेला. अवयव शब्दाच्या मध्ये हवा, दोन्ही बाजूंना अक्षर हवं आणि मूळ शब्दाच्या अर्थाशी त्याचं नातं नको. विमानाचा आणि मानेचा काही संबंध नाही, म्हणून ते चालतं. हातमाग काढताना जीव तुटला. त्याच्या जागी ‘महातपस्वी’ आला. यात्रेच्या दिवसांत तोही शोभतोच.

मग जाळी. नऊ बाय नऊ. अमेरिकन पद्धतीत जाळी अर्धी फिरवली तरी काळी घरं तिथंच यावी लागतात, म्हणजे प्रत्येक शब्दाला समोरच्या बाजूला तेवढ्याच लांबीचा जोडीदार लागतो. उपाययोजना सहा अक्षरांची, जोडीला दुसरा सहा अक्षरी चोर मिळाला नाही, काढली. बाकीचे चार शब्द प्रत्येकी पाच अक्षरी, त्यांच्या दोन जोड्या झाल्या. पिनाकधारी बरोबर मधल्या ओळीत. खाली उजवीकडं अंगचोर, चार अक्षरी, म्हणून वर डावीकडं चार अक्षरी काय? सोलापूर! मेहुण्यांना कच्चं चित्र दाखवलं तर म्हणाले, ‘सोलापूरच्या समोर अंगचोर? कुणी पाहिलं तर मार खाशील बे.’ मी तसंच ठेवलं.

भोगीच्या आदल्या दिवशी कोडं सर आणि भाचीला तपासायला दिलं. भाचीचं पूर्ण बरोबर आलं. सरांच्या मधल्या ओळीत मात्र ‘पिनाकपाणी’. शोधसूत्र होतं, ‘शंकराचं धनुष्यावरून पडलेलं नाव’. पिनाकधारी पाच अक्षरी, पिनाकपाणी पाच अक्षरी. अर्थ एकच. नाक दोन्हीत, त्याच दोन घरांत. आणि त्या ओळीतलं एकच घर उभ्या शब्दात होतं, मधला क, ‘मकर’चा. तो दोन्हीत सारखाच. माझ्या कोड्याला दोन उत्तरं होती, दोन्ही बरोबर.

‘तुम्हाला पाणीच का सुचलं?’ मी विचारलं.

‘आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी येतं का? जिथं दिसेल तिथं भरून घ्यायचं.’

आता री आणि णी यांतला फरक उभ्या शब्दानं पाडायचा होता. री खाली तीन घरं नेता येत होती: ‘रीतीने’. मग समोरच्या बाजूला, जाळी अर्धी फिरवल्यावर जिथं येईल तिथं, ‘पि’नं संपणारा तीन अक्षरी उभा शब्द हवा. खाली जागा नव्हती, तिथं आधीच दुसरा शब्द बसलेला.

हे मला रात्री अकराला कळलं आणि घाम फुटला. मराठीत शब्दाच्या शेवटी ह्रस्व इकार येतच नाही. कवि आपण कवी लिहितो, बुद्धि बुद्धी लिहितो, १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांपासून तर पक्कंच. पेपरातल्या कोड्यात कधी आडवा ह्रस्व आणि उभा दीर्घ एकाच घरात सरकवलेला सापडला की अप्पा त्याला ‘वेलांटीची चोरी’ म्हणायचे आणि त्या घराला लाल गोल करायचे. ती चोरी मला करायची नव्हती. ‘आणि’ला सूट आहे, ‘नि’ला सूट आहे, पण पि? मी जाळी परत पहिल्यापासून मांडायला घेतली.

सकाळी सर गच्चीवर कपडे वाळत घालत होते. मी खालूनच ओरडून अडचण सांगितली. त्यांनी टॉवेल दोरीवर टाकला, चिमटा लावला आणि म्हणाले, ‘तथापि.’

‘तथापि काय?’ मला वाटलं पुढं काही बोलणार आहेत.

‘तथापि हो! त, था, पि. संस्कृत अव्यय, ह्रस्वच राहतं. परंतु, यथामति, तथापि. तुम्ही मराठी कानांनी शिकलात, मी नियमांनी.’

बसलं. त्याच सकाळी ग्रुपवर कोडं टाकलं. ‘तथापि’चं शोधसूत्र लिहिलं, ‘सरकारी पत्रात “पण” असं येतं.’ पिनाकधारीचं तपासायला द्यायच्या आधी लिहिलं होतं, ‘शिवाचं धनुष्य ज्याच्या हाती’, ते मात्र बदललेलंच बरं होतं. थीम अवयवांची असताना शोधसूत्रात हात कशाला दाखवायचा.

संध्याकाळी यात्रेतल्या अक्षता सोहळ्याहून परतलो तेव्हा नऊ जणांची उत्तरं आली होती. सगळ्यांना अंगचोर सापडला होता. बाराबंदीतला, म्हणजे यात्रेच्या पांढऱ्या पोशाखातला, फोटो टाकून मेहुण्यांनी खाली लिहिलं होतं, ‘कान, मान, गळा, हात, नाक. पाय कुठाय?’

मी लिहिलं, ‘उपाययोजनेत होता. जोडीदार मिळाला नाही.’