डाळ मिलची फायरवॉल आणि तिची देखभाल : माझा अनुभव

आमच्या डाळ मिलच्या संगणक-जाळ्याला फायरवॉल, म्हणजे जाळ्यात येणारी-जाणारी माहिती तपासून नको ती अडवणारे उपकरण, बसवून तिची देखभाल बाहेरच्या सेवा-पुरवठादाराकडे सोपवायची, असे मालकांनी ठरवले आणि लेखा विभागासोबत संगणकांचेही काम पाहणारा म्हणून ती जबाबदारी माझ्याकडे आली. मिल जळगावच्या औद्योगिक वसाहतीत आहे, विक्री कार्यालय धुळ्याला आणि गोदाम अमळनेरला. आमच्याकडे पूर्णवेळ संगणक अभियंता नाही, आणि खानदेशातल्या बहुतेक मध्यम व्यवसायांची स्थिती अशीच असावी. त्यांना हे काम हाती घेताना काय विचारायचे आणि काय पाहायचे हे आधी कळावे, म्हणून हे लिहीत आहे.

निर्णयामागे एक घटना होती. ओळखीच्या एका कारखान्यात, हिशेबनिसाला घरून काम करता यावे म्हणून सर्व्हर दुरून वापरण्याच्या रिमोट डेस्कटॉप सोयीचे पोर्ट (संगणकात शिरण्याचे क्रमांकित दार), क्रमांक ३३८९, थेट इंटरनेटवर उघडे ठेवलेले होते. एका सकाळी तिथल्या सगळ्या फायली कुलूपबंद झालेल्या आढळल्या आणि पडद्यावर खंडणीची मागणी होती. उघडी पोर्टे हुडकणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर अहोरात्र फिरत असतात. त्यांच्या लेखी मुंबई आणि मुक्ताईनगर यांत काहीही फरक नसतो. आमच्याकडे तोवर इंटरनेट कंपनीने दिलेला राउटर तेवढा होता. तो आतल्या सगळ्या यंत्रांना बाहेर एकच पत्ता देतो, त्यामुळे बाहेरून कोणी आपणहून आत सहज येऊ शकत नाही. पण आतून बाहेर काय जात आहे हे तो विचारत नाही, आणि झालेल्या गोष्टींची उपयोगी पडेल अशी नोंदही ठेवत नाही.

पुरवठादारांशी बोलण्याआधी फायरवॉल नेमके काय करते हे समजून घ्यायचे मी ठरवले. जाळ्यावरून जाणारी माहिती लहान लहान पॅकेटांत विभागलेली असते आणि प्रत्येक पॅकेटावर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता, प्रोटोकॉल (देवाणघेवाणीची पद्धत) आणि पोर्ट क्रमांक लिहिलेला असतो. फायरवॉल हे तपशील आपल्या नियमांच्या यादीशी वरून खाली ताडून पाहते, जो नियम पहिल्यांदा जुळेल तो लागू करते आणि कोणताच नियम जुळला नाही तर पॅकेट अडवते. म्हणून नियम कोणता आहे याइतकेच तो कितव्या क्रमांकावर आहे हेही महत्त्वाचे असते; सगळे मोकळे सोडणारा एखादा ढिला नियम वर बसला, तर त्याच्याखालच्या काटेकोर नियमांपर्यंत पाळी येतच नाही.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या सुरुवातीच्या फायरवॉल प्रत्येक पॅकेट सुटे सुटे तपासत. पुढे १९९४ साली चेक पॉइंट या इस्रायली कंपनीची 'फायरवॉल-१' बाजारात आली आणि संभाषणाची स्थिती लक्षात ठेवण्याची पद्धत रूढ झाली. ही पद्धत आमच्या मिलच्या गेटवरच्या आवक-जावक नोंदवहीसारखी आहे : जी गाडी गेटपास घेऊन बाहेर गेली तिची नोंद असते, म्हणून ती परतल्यावर पुन्हा चौकशी होत नाही; ज्या गाडीची नोंदच नाही तिला मात्र थांबावे लागते. आतल्या संगणकाने बँकेच्या संकेतस्थळाशी संपर्क सुरू केला की फायरवॉल तो आपल्या तक्त्यात लिहून ठेवते आणि त्याचेच उत्तर आत येऊ देते.

आता जवळजवळ सगळी वाहतूक ४४३ या एकाच पोर्टावरून आणि कूटबद्ध, म्हणजे मधल्या कोणाला वाचता येणार नाही अशा, स्वरूपात चालते, त्यामुळे नुसता पोर्ट क्रमांक पाहून पुरत नाही. अलीकडच्या फायरवॉल कोणते ॲप बोलत आहे हे ओळखतात, ज्ञात हल्ल्यांच्या खुणा शोधतात आणि सांगितले तर कूटबद्ध वाहतूक उलगडून तपासतात. ही उलगडणी करायची तर प्रत्येक संगणकाने फायरवॉलवर विश्वास ठेवावा म्हणून त्यावर तिचे डिजिटल प्रमाणपत्र बसवावे लागते. कर्मचाऱ्यांना आधी लेखी कळवूनच आम्ही ती सुरू केली, आणि बँक, करभरणा व आरोग्य यांची संकेतस्थळे तिच्यातून वगळली. माणसांचे खासगी व्यवहार मिलच्या यंत्राने वाचू नयेत असे मला मनापासून वाटते आणि मालकांनाही ते पटले.

कोटेशन आली तेव्हा आकड्यांकडे बारकाईने पाहावे लागले. माहितीपत्रकावर ठळक छापलेला वेग हा साध्या पॅकेट-तपासणीचा असतो. सगळ्या सुरक्षा-तपासण्या सुरू केल्यावर तेच उपकरण त्याच्या काही अंशानेच चालते. हा दुसरा आकडा बारीक अक्षरांत असतो आणि तोच आपल्या इंटरनेट लाइनच्या वेगाशी ताडून पाहावा. उपकरणाच्या किमतीखेरीज परवान्याचे वार्षिक शुल्कही असते. ते भरले नाही तर फायरवॉल सहसा बंद पडत नाही, पण नव्या हल्ल्यांची माहिती तिच्याकडे येणे थांबते.

मालकांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो. त्यांनी रास्तपणे विचारले, "पेटी एकदाच विकत घेऊ, दर महिन्याला पैसे कशासाठी?" मी म्हणालो, "भाऊ, पेटी घेता येईल. पण रात्री दोन वाजता तिने दिलेला इशारा वाचायला आपल्याकडे कोण आहे?" देखभाल बाहेरच्याकडे सोपवण्याच्या या 'मॅनेज्ड' सेवेचा खरा अर्थ तोच आहे. उपकरण कोणाचेही असो, त्याच्या नोंदींवर चोवीस तास लक्ष ठेवणे, त्याची प्रणाली वेळेवर अद्ययावत करणे, त्याच्या रचनेची (नियम आणि मांडणीची) प्रत राखणे, मागणीप्रमाणे नियम बदलणे आणि काही विपरीत घडले तर फोन करणे, या कामाचे ते पैसे आहेत.

करारावर मी सर्वाधिक वेळ दिला आणि तो देणे आवश्यक होते. 'चोवीस तास सेवा' हे शब्द प्रत्येक कोटेशनमध्ये होते. मात्र इशारा आल्यावर माणूस किती वेळात पाहणार, तातडीचा नियमबदल किती तासांत होणार आणि तो मागण्याचा अधिकार आमच्याकडून कोणाला, हे फार थोड्यांनी लिहिले होते. शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे, कारण कोणीही फोन करून पोर्ट उघडून घेऊ शकत असेल तर फायरवॉल असून नसल्यासारखीच. आम्ही दोन नावे ठरवली आणि मागणी ई-मेलने, पुष्टी आमच्या नोंदवलेल्या क्रमांकावर फोन करून, अशी पद्धत लिहून घेतली.

दुसरा प्रश्न नोंदींचा होता. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात आणि प्रणालींच्या नोंदी १८० दिवस देशातच जपून ठेवायच्या असतात. लहान व मध्यम उद्योगांना त्यासाठी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत वाढवून मिळाली होती. एका पुरवठादाराच्या मूळ दरात नोंदी फक्त महिनाभर राहणार होत्या. म्हणून हे दोन्ही आकडे आम्ही करारातच घातले, आणि नोंदी व रचना यांची मालकी मिलची राहील हेही लिहिले.

यानंतर आला कामाचा गाभा. पुरवठादाराच्या अभियंत्याने एक कोरा तक्ता पाठवला आणि कोणते यंत्र कोणाशी कशासाठी बोलते ते भरून मागितले. ही माहिती कोणताही पुरवठादार बाहेरून आणू शकत नाही, ती मिलमध्ये फिरूनच मिळते. हिशेबाचा सर्व्हर, ई-वे बिल आणि ई-इन्व्हॉइस काढणारे संगणक यांची नावे सहज निघाली. पण वजनकाट्याचा संगणक सर्व्हरला वजने पाठवतो, हजेरीचे यंत्र ते बनवणाऱ्या कंपनीच्या क्लाउडशी (इंटरनेटवरच्या सर्व्हरशी) बोलते, आणि तूर डाळीतला डागी दाणा वेगळा काढणाऱ्या सॉर्टेक्स यंत्रात त्याच्या कंपनीचे तंत्रज्ञ दुरून शिरून दुरुस्ती करतात, हे काट्यावरच्या आणि यंत्रावरच्या माणसांशी बोलल्यावरच कळले.

कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या पेटीचा, म्हणजे डीव्हीआरचा, प्रकार वेगळाच निघाला. मोबाइलवर चित्र दिसावे म्हणून बसवणाऱ्याने राउटरवर त्याच्यासाठी पोर्ट उघडून दिले होते. २०१६ साली 'मिराय' या बॉटनेटने (ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या फौजेने) नेमके असेच कॅमेरे आणि डीव्हीआर, त्यांचे मूळचे पासवर्ड वापरून, लाखांच्या संख्येने ताब्यात घेतले होते. ते पोर्ट बंद झाले आणि चित्र पाहण्यासाठी ओटीपीसह व्हीपीएन (इंटरनेटवरून आत येण्याचा कूटबद्ध खासगी मार्ग) आला.

मग जाळ्याचे विभाग पाडले : कार्यालय, यंत्रे, कॅमेरे आणि पाहुण्यांचे वाय-फाय. एका विभागातून दुसऱ्यात जाणारी प्रत्येक गोष्ट फायरवॉलमधूनच जावी अशी रचना झाली. माझ्या मते सबंध कामातले सर्वांत मोलाचे हेच. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम ४४५ क्रमांकाच्या पोर्टावरून एका संगणकातून दुसऱ्यात पसरला. विभाग वेगळे असतील आणि त्यांच्यात ते पोर्ट बंद असेल, तर असा प्रसार एका खोलीपुरता राहतो. सॉर्टेक्सच्या तंत्रज्ञांना कायमचा रस्ता न देता, त्यांनी मागितला की काही तासांपुरता उघडायचा असे ठरले.

जुन्या जोडणीवरून फायरवॉलवर जाण्याचे काम रविवारी, मिल बंद असताना केले. सोमवारी सकाळी वजनकाट्याची पावती छापली जाईना, कारण प्रिंटर कार्यालयाच्या विभागात राहिला होता. गेटवर मालाच्या गाड्यांची रांग लागली. अभियंत्याने नोंदींत अडवलेली पॅकेटे पाहून नेमका एक नियम जोडला आणि काम सुरू झाले. प्रश्न थोडक्यात सुटला, कारण नोंदी वाचणारा माणूस त्या वेळी फोनवर होता. अशा दिवशी अभियंता प्रत्यक्ष हजर राहील ही अट करारात आधीच असावी.

दोन गोष्टी इथल्या परिस्थितीमुळे वाढल्या. लहान फायरवॉल अनेकदा ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठीच बनवलेल्या असतात आणि जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा उपकरण पत्र्याच्या शेडमधून हलवून लेखा विभागाच्या वातानुकूलित खोलीत, यूपीएसवर घ्यावे लागले. दुसरी गोष्ट धुळ्याची. तिथे रस्त्याच्या कामात फायबर वारंवार तुटते, म्हणून पर्याय म्हणून मोबाइल डेटा जोडला; पण मोबाइल कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटते, त्यामुळे दोन कार्यालयांना जोडणारा व्हीपीएनचा बोगदा जळगावहून धुळ्याकडे सुरू करता येत नाही. तो नेहमी धुळ्याच्या बाजूनेच सुरू व्हावा अशी मांडणी केल्यावर फायबर तुटले तरी बिले थांबत नाहीत.

आता दर महिन्याला अहवाल येतो. अडवलेल्या प्रयत्नांचा मोठा आकडा मी पाहत नाही. नवे नियम कोणते जोडले, कोणाच्या मागणीवरून, आणि कोणता नियम बरेच दिवस एकदाही वापरला गेला नाही, एवढे वाचतो आणि न वापरलेला नियम काढायला सांगतो. पुढच्या नूतनीकरणात एक कलम घालणार आहे : सेवा बदलली तर जुन्या पुरवठादाराने रचनेची वाचता येईल अशी प्रत आणि मागच्या १८० दिवसांच्या नोंदी द्याव्यात, प्रशासकीय पासवर्ड करारात नावे असलेल्या आमच्या दोघांच्या हाती सोपवावेत आणि त्यानंतर आपला प्रवेश बंद झाल्याचे लेखी कळवावे.