गुलाबी गोळीचा सोमवार

आज सोमवार, म्हणजे बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील आमच्या मराठी शाळेत लोहाच्या गोळ्यांचा दिवस. लहान वर्गांना मिळणाऱ्या गुलाबी गोळीत ४५ मिलिग्रॅम लोह आणि ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते, तर मोठ्या मुलांच्या निळ्या गोळीत लोह ६० मिलिग्रॅम असते. दुपारच्या जेवणानंतर गोळ्या वाटताना चौथीतील एका मुलीने आपली गोळी मुठीत लपवली. जवळ घेऊन विचारले, तेव्हा हळूच म्हणाली, "बाई, मागच्या वेळी मळमळलं. त्या दिवशी मी जेवले नव्हते."

मला फार वाईट वाटले, कारण गोळी रिकाम्या पोटी देऊ नये हे ठाऊक असूनही तिचे ताट मी पाहिले नव्हते. ही मुलगी हुशार आहे, पण तिसऱ्या तासाला तिची मान खाली जाते. शरीरात लोह कमी पडले की रक्तातून प्राणवायू पुरेसा पोहोचत नाही, मूल थकते, लक्ष टिकत नाही, आणि आपण त्याला आळशी ठरवून मोकळे होतो.

संध्याकाळी तिच्या आजी भेटल्या. दुकानातील महाग पावडर आणू का, असे त्यांनी काळजीने विचारले. मी म्हटले, "आजी, पावडर राहू द्या. नाचणीची भाकरी, मोड आलेले मूग, वर लिंबू पिळा, आणि जेवणाला लागून चहा तेवढा देऊ नका." चहामुळे अन्नातील लोह अंगी लागत नाही, हे त्यांना नवीन होते. शाळेत २०१३ पासून कर्नाटक सरकारच्या क्षीरभाग्य योजनेचे दूध मिळते, तेही ती पीत नाही म्हणे. उद्यापासून दुधाच्या वेळी मी तिच्याशेजारी बसणार आहे.