प्रीप्रिंटवर कमेंट टाकण्याआधी एक गुणाकार

प्रीप्रिंट म्हणजे तज्ज्ञांच्या तपासणीआधीच ऑनलाइन टाकलेला शोधनिबंध. त्याखालच्या ‘सॅम्पल फार लहान आहे’ या कमेंटचं लेखकांनी करायचं काय? कशासाठी लहान, किती असतं तर चाललं असतं, काहीच कळत नाही. त्यापेक्षा आकडेमोड करून दाखवा.

एप्रिल २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीतलं कोविड अँटीबॉडींचं सर्वेक्षण मेडआर्काइव्ह या वैद्यकीय प्रीप्रिंटच्या साइटवर टाकलं. ३,३३० जण तपासले, ५० पॉझिटिव्ह, म्हणजे १.५ टक्के. हे प्रमाण काउंटीच्या लोकसंख्येशी आणि किटच्या अचूकतेशी जुळवून त्यांनी २.४९ ते ४.१६ टक्के, म्हणजे काउंटीत ४८,००० ते ८१,००० जणांना लागण होऊन गेल्याचा अंदाज काढला. बातम्यांनी तोच उचलला. खरी मेख मात्र किटच्या तपासणीत होती. ज्यांत अँटीबॉडी नसायलाच हव्यात अशा ४०१ नमुन्यांपैकी २ किटने पॉझिटिव्ह दाखवले होते. चूक ०.५ टक्के, म्हणजे स्पेसिफिसिटी (अँटीबॉडी नसलेल्यांना बरोबर निगेटिव्ह दाखवण्याचं प्रमाण) ९९.५ टक्के. ३,३३० ला हाच दर लावला तर खोटे पॉझिटिव्ह सोळा-सतरा. एवढं खपून जातं. पण ४०१ मध्ये २ एवढ्यावरून खरा दर पक्का होत नाही. लेखकांनीच दिलेला ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा आकडा ज्या पट्ट्यात असू शकतो तो पट्टा, बघा: चूक १.७ टक्क्यांपर्यंत असू शकते. ३,३३० चे १.७ टक्के म्हणजे ५६ च्या वर. आणि हाती पॉझिटिव्ह सगळे मिळून पन्नास!

कमेंट एवढीच हवी: ‘व्ही१. स्पेसिफिसिटी ९८.३ टक्के धरली तर ५० पैकी खरे पॉझिटिव्ह किती उरतात? ही अनिश्चितता अंतिम अंदाजात कशी धरली, ते दाखवावं.’ व्ही१ म्हणजे प्रीप्रिंटची पहिली आवृत्ती. ती आधी लिहायची, कारण मजकूर बदलला की कमेंट अधांतरी लटकते. हेतूंवर एक शब्दही नको. त्यापायी मॉडरेटरने कमेंट अडवली तर आकडेमोडही तिच्यासोबत गेली.

दुसरा आक्षेप: लोक फेसबुकच्या जाहिरातीतून आले. आपल्याला कोविड होऊन गेला असावा अशी शंका असलेले जास्त येणार. इथे चूक कोणत्या बाजूला झुकते ते सांगता येतं, किती ते नाही. तसंच लिहावं, ओढूनताणून आकडा देऊ नये.

एप्रिलअखेरच्या व्ही२ मध्ये किटची स्पेसिफिसिटी ३,३२४ नमुन्यांवर मोजलेली होती आणि आधीचा २.४९ ते ४.१६ टक्क्यांचा अंदाज १.३ ते ४.७ असा रुंदावला होता. अशा वेळी आपल्या जुन्या कमेंटखाली ‘पहिला मुद्दा व्ही२ मध्ये घेतला आहे’ अशी ओळ टाकायची. माणसं तीच राहिली, त्यामुळे फेसबुकचा मुद्दा उघडाच ठेवायचा.