पट्ट्याबाहेरच्या पोफळी

गॅस पाईपलाईनच्या सर्व्हे टीममध्ये मी झाडं मोजायचं काम केलंय, कॉन्ट्रॅक्टवर, कंपनीचं नाव घेत नाही. गोव्यात फोंडा तालुक्यातलं एक कुळागर, म्हणजे पोफळी (सुपारीची झाडं), माड, केळी, मिरी अशी एकत्र बाग, काही केल्या डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय.

बऱ्याच जणांना वाटतं कंपनी जमीन विकत घेते. नाही. 1962 च्या पाईपलाईन कायद्यात जमीन मालकाचीच राहते, फक्त वापराचा हक्क घेतात, त्याचे बाजारभावाच्या 10 टक्के मिळतात आणि झाडांचे वेगळे. पण नंतर पाईप जातो त्या पट्ट्यात घर, विहीर, तळं, झाड काहीच करायचं नाही. भातशेतीला हे चालून जातं, पाईप पुरला की पुढच्या पावसात परत लावणी. कुळागरात झाडच नाही लावायचं तर उरलं काय?

मोजणी मी मन लावून करायचो. छातीच्या उंचीवर तांबड्या ऑइल पेंटने नंबर, पोफळीची वलयं मोजून वयाचा अंदाज, लागती की न लागती, माड वेगळा, जायफळ वेगळं. इथे 143 पोफळी पट्ट्यात आल्या. जवळजवळ प्रत्येकीवर मिऱ्यांची वेल, आणि आमच्या फॉर्मात वेलीला रकानाच नाही! घरातल्या काकींनी विचारलं, "ह्यो वाली कोण मेजतलो?" मी शेऱ्यात लिहिल्या. शेरा ऑफिसात कोणी वाचत नाही हे मला तेव्हाही माहीत होतं.

पुढल्या वर्षी फेब्रुवारीत जमीन पूर्ववत केल्याच्या कागदावर सही घ्यायला गेलो. काकी हाताला धरून मला कडेच्या रांगेत घेऊन गेल्या. पोफळीला दाटी लागते, सावली लागते. पट्ट्यातली झाडं तोडून वीस मीटर मोकळे झाल्यावर दुपारनंतरचं ऊन थेट खोडावर. नैर्ऋत्येकडची बाजू आधी पिवळी, मग तपकिरी, आणि एका खोडाला उभी चीर, माझं बोट आत गेलं. मागून बघितलं तर तेच खोड हिरवंगार. काकींनी जमतील तेवढ्या खोडांना झावळ्या बांधल्या होत्या. असं खोड वाऱ्यापावसात मधूनच मोडतं. त्यात वरून येणारा पाट, चर बुजवताना त्याचा उतार बिघडवून ठेवलेला, पाणी पट्ट्यातच मुरायचं आणि खालच्या केळी सुकलेल्या.

रिपोर्ट दिला. उत्तर आलं, झाडं पट्ट्याबाहेर, विषय संपला. आमच्या साहेबांनी कधी कायदा उघडून तरी बघितला होता का? मी नंतर बघितला. कलम 10 मध्ये तोडलेली झाडं तर आहेतच, शिवाय इतर मालमत्तेचं आणि कमाईचं नुकसानही आहे, रक्कम पटली नाही तर जिल्हा न्यायाधीशाकडे जाता येतं. फॉर्म बनवणाऱ्याने त्यातला पहिलाच मुद्दा उचलला आणि रकाने पाडले. आणि लोक त्या रकान्यांनाच कायदा समजतात, इतकी वर्षं मीही समजत होतो.

त्या दिवशी मी निघालो तेव्हा काकी म्हणाल्या, "ह्यांकाय नंबर घाल रे." पेंटचा डबा बॅगेत होताच. करपलेल्या 31 पोफळींवर नंबर घातले, 144 ते 174. ती यादी आणि कलम 10 ची झेरॉक्स काकींच्या मुलाला दिलीय, अर्ज तो घालतोय.