सातचं दान

बार्सिलोनात कुणाला भेटायचं असलं की मी कथीड्रलसमोरच्या चौकात ‘अक्षरांपाशी’ बोलावते. भल्यामोठ्या धातूच्या अक्षरांत तिथे ‘बार्सिनो’ असं शहराचं रोमन काळातलं नाव मांडलंय. पोरं त्यावर चढतात, पर्यटक टेकून आइस्क्रीम खातात. मलाही ती फक्त भेटीची खूण वाटायची. मग आम्हाला कातालान ही इथली भाषा शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, अगं, ती कविता आहे! जुआन ब्रोसा या कवीची, १९९४ची.

या ब्रोसाच्या मागे लागले आणि ‘दाउ अल सेत’ नावाच्या मासिकापाशी पोचले. म्हणजे ‘सातावर पडलेला फासा’. नाव ब्रोसाचंच. फाशाला बाजू सहा, पण समोरासमोरच्या कुठल्याही दोन बाजूंची बेरीज सात. म्हणजे सात प्रत्येक फाशात असतो, फक्त त्याचं दान कधी पडत नाही. (हे मी घरी ल्युडोचा फासा हातात घेऊन तपासलं.)

सप्टेंबर १९४८ मध्ये हे मासिक निघालं. स्पेनमध्ये हुकूमशहा फ्रांकोची राजवट होती. कातालान घरात बोलायची, छापायची नाही. दोनेक वर्षांपासून काही पुस्तकांना सूट मिळू लागली होती, नियतकालिकांना मात्र नाही. मासिक काढणारे सहा जण: ब्रोसा, तत्त्वज्ञ आर्नाउ पुच (लिहितात ‘पुइग’, त्यांच्या स्पेलिंगांनी मला रडवलंय) आणि चार चित्रकार, जुआन पोन्स, मोडेस्ट कुइशार्ट, त्याचा नात्यातला भाऊ आंतोनी तापिएस आणि जुआन-जुजेप तारात्स. बहुतेक सगळे विशी-पंचविशीतले. तापिएस कायद्याचं शिक्षण सोडून आलेला, क्षयातून उठलेला.

माझा जीव जडलाय तो तारात्सवर. हा बाकीच्यांपेक्षा वयाने मोठा. त्याच्या घरी छपाईचं छोटं हातयंत्र होतं. हाच खिळे जुळवायचा, हाच छापायचा. चारदोन पानांचा अंक, मोजक्या प्रती. आपल्याकडच्या साठच्या दशकातल्या लघुअनियतकालिकांची आठवण येतेच. इतक्या लहान गोष्टीकडे सेन्सॉरचं लक्ष जाण्याची भीतीही कमीच. आत पोन्सची भुतंखेतं, ब्रोसाच्या स्वप्नातल्यासारख्या कविता, जादू, चंद्र, क्ले आणि मिरो या चित्रकारांचा आदर. सुरुवातीला कातालान, पुढे स्पॅनिश आणि फ्रेंचही.

योगायोग बघा, त्याच सुमारास बार्सिलोनातल्या ब्राझीलच्या वाणिज्य वकिलातीत जुआंव काब्राल दे मेलो नेतो नावाचा कवी होता आणि त्याच्याही घरी हातयंत्र! १९४९ साली त्याने ब्रोसाची सुनीतं छापली. आणि मार्क्सचा नाद लावून या मंडळींना चंद्रावरून रस्त्यावर आणलं. ब्रोसाच्या कवितेत मग साधी माणसं, रोजचं बोलणं आलं.

१९५० मध्ये तापिएस फ्रेंच शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेला. १९५१ मध्ये साला काराल्त या कलादालनात गटाचं प्रदर्शन झालं आणि मंडळी पांगली. तापिएस पुढे इतका मोठा झाला की आरागो रस्त्यावर त्याच्या नावाची आख्खी संस्था आहे, छतावर तारांचं जंजाळ घेऊन. मासिक बंद पडायला हवं होतं. तारात्स मात्र १९५६ पर्यंत अंक काढत राहिला.

मागच्या महिन्यात एका संग्रहालयात काचेखाली जुना अंक दिसला. शाळेच्या वहीपेक्षा जाड नाही. पान उलटायला हात शिवशिवत होता. काचेला नाक लावलं, तर रखवालदार आजोबा कातालानमध्ये खेकसले. मीही कातालानमध्येच माफी मागितली.