तुम्ही विचारलंत म्हणून: पोटाच्या त्या दोन नळ्या

भिशीत, पतसंस्थेच्या काउंटरवर, एकदा तर सांगलीच्या गणपती मंदिराबाहेर चपला घालताना मला हे विचारलं गेलंय. मी टमी टक, म्हणजे पोटाची सैल कातडी कापून पोट घट्ट करायचं ऑपरेशन, केल्याचं कुणाकडून तरी कळलेलं असतं. मग आवाज खाली येतो. "पोटाला नळ्या लावतात म्हणे? लई दुखतात का? त्यांच्याशिवाय होत न्हाई का?" भूल, टाके, खर्च यांचं क्वचितच कुणी विचारतं. नळ्यांची भीती मात्र प्रत्येकीला असते. मलाही होती, म्हणून सगळं सांगते.

मला जुळी झाली. त्यानंतर पोटाचे दोन उभे स्नायू मधोमध फाकले ते फाकलेच. चालणं झालं, व्यायाम झाला, वजन उतरलं, पण कातडीची घडी मांडीवर येत राहिली आणि काउंटरवर बायका "कितवा महिना?" असं विचारत राहिल्या. सहा वर्षं ऐकलं. मग मिरजेला जाऊन ऑपरेशन केलं.

या ऑपरेशनमध्ये ओटीपोटावर आडवा छेद घेतात आणि कातडी, तिच्याखालच्या चरबीसकट, स्नायूंपासून वर बरगड्यांपर्यंत सोडवतात. फाकलेले स्नायू टाके घालून जवळ आणतात, कातडी खाली ओढतात, जास्तीची कापून टाकतात. आता कातडी आणि स्नायू यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी ओली, उघडी अशी मोठी पोकळी तयार होते. खरचटलेल्या गुडघ्यातून कसं पाणी येतं, तसं त्या सगळ्या जागेतून पाझरत राहतं. गुडघ्याचं वाहून जातं, याला मात्र वाट नसते. ते आत साचलं तर कातडी स्नायूंना चिकटतच नाही. त्या साचण्याला सेरोमा म्हणतात. नळी, म्हणजे ड्रेन, त्या पाण्याला वाट देते आणि ओढही देते. तिच्या टोकाला पेरूएवढा मऊ बल्ब असतो. तो दाबून, चपटा करून बूच लावलं की पुन्हा फुगायच्या धडपडीत तो आतलं पाणी खेचतो. बल्ब न दाबता बूच लावलं तर ओढ संपते. माझ्याकडून पहिल्या संध्याकाळी तेच झालं होतं.

माझ्या दोन नळ्या छेदाच्या खाली, एक उजवीकडे, एक डावीकडे. दोन्ही बल्ब पोटाच्या पट्ट्याला सेफ्टीपिनेनं अडकवलेले. मिरजेहून घरी येताना प्रत्येक गतिरोधकाला मी दोन्ही हातांनी ते धरून बसले होते. दुखण्याचं म्हणाल तर आतली नळी जाणवत नाही. कातडीतून जिथे बाहेर येते तिथला टाका ओढला जातो, तो चुरचुरतो. कुशीवर वळता येत नाही. उशांवर पाठ टेकून, गुडघे मुडपून झोपायचं.

सकाळ-संध्याकाळ हात धुवायचे, बूच काढायचं, पाणी मापाच्या कपात ओतायचं, आकडा लिहायचा, बल्बचं तोंड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचं, बल्ब दाबायचा, दाबलेला असतानाच बूच लावायचं. आकडे मी कॅलेंडरवर लिहिले, दुधाचा हिशोब लिहितो त्याच चौकटीत. पहिला दिवस उजवी ११०, डावी ९० मिली, लालभडक. चौथ्या दिवशी रंग कोकम सरबताचा झाला. आठवड्यानं गव्हाच्या काडीसारखा पिवळट.

तिसऱ्या दिवशी उजव्या नळीत रक्ताची लांबट गुठळी अडकली. नर्सनं शिकवलं होतं, एका हातानं कातडीजवळ नळी घट्ट धरायची, दुसऱ्या हाताच्या चिमटीनं बल्बच्या दिशेनं दाब सरकवत न्यायचा. माझे हात थरथरत होते. सासूबाई दारातून बघत होत्या. त्यांचं सगळं आयुष्य तासगावकडे म्हशींच्या दावणीत गेलेलं. म्हणाल्या, "अगं, ही धारच की. बाजूला सर, मी काढते." वरचा हात हलला नाही, खालचा अंगठा गुळगुळीत सरकत आला आणि ती गुठळी डोळ्यांदेखत बल्बमध्ये उतरली. नंतर मला कळलं की नर्सही त्याला 'मिल्किंग'च म्हणतात. त्या दिवसापासून ते काम सासूबाईंचं. हळद लावू का, असं त्यांनी एकदाच विचारलं. सांगली हळदीचं गाव, इथे जखम म्हटलं की डबा उघडतोच. पण नळीच्या भोकावर काहीही लावायचं नाही, कोरडं ड्रेसिंग ठेवायचं. त्यांनी ते ऐकलं.

आता जे सांगायला मला जड जातं ते. डॉक्टरांचा नियम होता, चोवीस तासांत ३० मिलीच्या आत, आणि असं सलग दोन दिवस, तेव्हाच नळी काढायची. डॉक्टरागणिक आकडा थोडा बदलतो. माझी डावी आठव्या दिवशी निघाली. उजवी ५०-५५च्या खाली येईना. अकराव्या दिवशी पुतण्याचा साखरपुडा होता. रेशमी साडीतून बल्ब दिसेल, या एका विचारानं मी नवव्या आणि दहाव्या दिवशी चौकटीत २८ आणि २६ लिहिलं. आयुष्यभर पतसंस्थेत कॅश मोजणारी मी. डॉक्टरांनी कागद बघून नळी काढली. काढताना लांब श्वास घ्यायला लावतात. वाटते त्यापेक्षा नळी बरीच लांब निघते, पाच-सहा सेकंद आतून जळजळ ओढल्यासारखी होते आणि संपतं.

साखरपुडा झाला. त्यानंतर सहाव्या रात्री कूस बदलली तर पोटात उजवीकडून डावीकडे पाणी हललं. पखालीत हलतं तसं. सुईनं काढलं, १४० मिली. चार दिवसांनी पुन्हा ९०. मग ४०. प्रत्येक वेळी मिरज, प्रत्येक वेळी सुई आणि जंतू आत जायची भीती. असं पाणी फार दिवस राहिलं तर त्याच्याभोवती आवरण धरतं आणि कधीकधी पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. डॉक्टरांनी जुना कागद काढून विचारलं, "हे कुणी मोजलं?" मी खरं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पट्टा नीट आवळून दिला.

नळीशिवाय होतं का? होतं. आतून जागोजाग टाके घालून कातडी स्नायूंना बसवतात. ब्राझीलच्या बारौदी आणि फरेरा यांनी १९९८मध्ये, अमेरिकेतल्या पोलॉक यांनी २०००मध्ये या टाक्यांवर लिहिलं. आपण वाकळ शिवताना थर सरकू नयेत म्हणून सगळीकडून धावदोरा घालतो, अगदी तसं. पाझरायला मोकळी जागाच उरत नाही. त्यात भुलेखालचा वेळ वाढतो आणि काही सर्जन टाके घालूनही नळी ठेवतात. तुमच्या सर्जनला विचारा, हक्कानं विचारा. पण केवळ नळीच्या धास्तीनं डॉक्टर बदलू नका.

आणि काही गोष्टींना सकाळची वाट बघायची नाही. बल्ब अचानक ताज्या लाल रक्तानं तासा-दोन तासांत भरला, पाण्याला वास किंवा पू आला, ताप आला, भोकाभोवती लाली पसरली, नळी एकदम थांबून पोट एका बाजूला फुगलं तर लगेच फोन करा. पोटरी दुखून सुजली किंवा धाप लागली तर फोनही नको, सरळ दवाखाना गाठा.

त्या महिन्याचं कॅलेंडरचं पान मी ठेवलंय. वर दूध, अर्धा लिटर, एक लिटर. खाली उजवी, डावी. नवव्या आणि दहाव्या दिवसाचे आकडे मी नंतर खोडले आणि शेजारी खरे लिहिले, ५५ आणि ५०. घरी विचारायला येणाऱ्या बाईच्या हातात मी आधी ते पान देते.