रुळाच्या उंचीवरून

मंडळी, आज वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या माळ्यावर दिवसभर एचओ मापाच्या मॉडेल रेल्वे लेआउटचं शूटिंग चाललं. हाती लागले जेमतेम दोन मिनिटांचे शॉट्स, पण त्यात गाडी खरी वाटते.

सगळी करामत कॅमेऱ्याच्या उंचीची. एचओ म्हणजे 1:87, खऱ्या रेल्वेचा सत्त्याऐंशीवा भाग. या मापात उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून दोन सेंटिमीटरही वर नसतात. फोन उलटा धरला की लेन्स तिथवर उतरते. वरून काढलं तर स्टेशन कितीही देखणं असो, खेळणंच दिसतं.

मग वेग. ताशी 60 किमीची गाडी इथे सेकंदाला 19 सेंटिमीटर जाते, म्हणजे मीटरभर रुळाला सव्वापाच सेकंद. आपल्या वडोदऱ्याजवळच्या डभोईच्या नॅरोगेजला, म्हणजे अरुंद रुळांवरच्या गाडीला, निम्मा वेग पुरे. 1862 साली तिथे डबे बैल ओढत होते! इतक्या सावकाश चालवताना रुळावर काळा थर असेल तर इंजिन हमखास अडखळतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या सुती फडक्याने आधी पुसाच.

एलईडीखाली चित्र फडफडलं तर सेकंदाला 25 फ्रेम आणि 1/50 सेकंद शटर ठेवा. आपली वीज 50 हर्ट्‌झची आहे. फोकससाठी ठरल्या जागी डबा उभा करायचा, फोकस-एक्सपोजर लॉक करायचं, मग डबा उचलायचा.

आणि धूळ! सिग्नलला चिकटलेला मांजराचा एक केस आज स्क्रीनवर दोरखंडासारखा लोंबत होता. मऊ ब्रश फिरवून पुन्हा शॉट घेतला.

गाडी येण्याआधी तीन सेकंद रिकामा रूळ दिसू द्या.